तुमच्या नावाचं खातं

सर, गेल्या महिन्यात एका दुपारी तुम्ही विद्यापीठाच्या मशीनवर आलात, एक भलं मोठं काम लावलंत आणि निघून गेलात. निदान मशीनचं म्हणणं तसं आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा बालवाडीतसुद्धा जात नव्हता, आता त्याच्या लग्नाचं चाललंय. पण तुम्ही गेलात हे मशीनला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या नावाचं खातं अजून चालू आहे. पासवर्डही तोच आहे, तुम्ही ठेवलेला. त्या दुपारी कुणीतरी तो घालून आत शिरलं. तुमच्या कामाला रांगेत कायम पहिला नंबर, त्यामुळे मशीननं आधी चालू असलेलं एक काम बाजूला काढून टाकलं आणि तुमचं सुरू केलं. ते बाजूला काढलेलं काम भौतिकशास्त्राच्या एका मुलाचं होतं. कित्येक आठवडे चाललं होतं, संपत आलं होतं. मधेच थांबलं की ते पहिल्यापासून करावं लागतं. त्याची प्रबंध द्यायची तारीख हुकली आणि त्यानं लेखी तक्रार केली.

आज दुपारी समिती बसणार आहे. संगणक केंद्राची प्रमुख म्हणून मला तिच्यापुढे अहवाल ठेवायचा आहे, की त्या दिवशी तुमच्या नावानं तिथं कोण बसलं होतं. सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. चहा केला, तो तसाच राहिला, पुन्हा गरम केला, पुन्हा राहिला. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि मग आठवलं की मावशींनी मघाशीच घातलं होतं. खाली शाहूपुरीतल्या दुकानांची शटरं एकेक करून वर जातायत आणि माझ्या अहवालाचं पहिलं वाक्य काही येत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्हाला लिहिताना पहिलं वाक्य अडलं नाही, बघा.

तुम्हाला ती जुनी खोली आठवते का? असं विचारणं वेडेपणाचं आहे, पण विचारते. काचेच्या पलीकडे कपाटाएवढं एक मशीन, आणि अलीकडे त्याला जोडलेली चार टर्मिनलं. सगळ्या विद्यापीठाला मिळून तेवढीच. चपला बाहेर काढायच्या. आत गारठा, कारण मशीनला उकाडा सोसत नव्हता. आम्हाला गारठा सोसतो का, हे कुणी विचारलेलं नव्हतं. मी नुकतीच एम.एस्सी.ला आलेय. शाळा सगळी सिस्टरांच्या हाताखाली झालेली, घरात मराठी, पण आकडे सगळे इंग्रजीत शिकलेले. तुम्ही मराठीत आकडे सांगत जाता आणि मी टाइप करते, आणि एकोणसाठ म्हटलं की माझे हात थांबतात. तुम्ही चष्म्यावरून बघता. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव टाकून दिलंत आणि मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायला लागलात. कॉन्व्हेंट, दार लाव. कॉन्व्हेंट, तो पंखा कशाला चालू ठेवलाय. मुलं हसायची. मला राग यायचा, आणि घरी जाऊन आईला सांगेपर्यंत त्या रागाचं काहीतरी दुसरंच होऊन जायचं.

टर्मिनलसाठी तेव्हा भांडणं व्हायची. सकाळी लवकर यायचं, खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि कँटीनला जायचं, एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकतात तसा. ही युक्ती माझी नव्हती, पण माझा रुमाल सगळ्यांत उठून दिसायचा. पांढराशुभ्र, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं भरलेलं अक्षर, शाळेत शिकवलेला टाका. एक दिवस मिसळ खाऊन परत येते तो काय, खोलीच्या बाहेर, चपलांच्या वर, एक दोरी बांधलेली आणि तिच्यावर सगळे रुमाल वाळत घातल्यासारखे लटकलेले. दारात तुम्ही. ‘हे काय एस.टी. स्टँड हाय व्हय?’ मग बाकी कुणाला काही न बोलता माझा रुमाल काढून माझ्या हातात दिलात. ‘कॉन्व्हेंट, बसलीस की जागा तुझी. उठलीस की तुझी न्हाय. मशीन रिकामं बसलंय आन् पोरं बाहेर उभी हाईत, हे मला बघवत न्हाय.’ मी त्या वेळी रडले नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो. पुढच्या आठवड्यात तुम्ही एक पिशवी घेऊन आलात. आम्हा तिन्ही मुलींना काकूंनी विणलेले लोकरीचे मोजे. फरशी गार असते आणि पोरी अनवाणी बसतात म्हणून. माझे विटकरी रंगाचे होते. कोल्हापूरच्या मे महिन्यात लोकरीचे मोजे घालून बसणारी मुलगी बघायला इतर विभागांतली मुलं काचेतून डोकावून जायची.

मधेच उठले होते. विभागप्रमुखांचा फोन येऊन गेला, मी घेतला नाही. हे म्हणजे आमच्या वर्गातलाच एक, ज्याचा रुमाल त्या दोरीवर माझ्या शेजारी होता. आता तुमच्या खुर्चीत तो बसतो. त्याचं काय म्हणणं आहे ते सांगतेच, पण आधी तुमच्या घरी जाऊन येऊ दे.

दिवस मावळायच्या आत तुमचं जेवण व्हायचं. त्यामुळे ऊन उतरायला लागलं की तुम्ही कितीही गुंतागुंतीच्या गणितात असा, आपलं काम बंद करून उठायचात आणि, मी जेवून येईस्तवर कुणीतरी बसा, म्हणून निघायचात. कधी आम्हालाही बरोबर न्यायचात. तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. पश्चिमेची खिडकी, तिच्यातून ओट्यावर आलेलं तिरपं ऊन, आणि ते भिंतीवर चढायच्या आत सगळ्यांना वाढून व्हावं म्हणून काकूंची चाललेली घाई. कांदा नाही, बटाटा नाही, आणि तरी त्या आमटीसारखी आमटी मला पुन्हा कुठं मिळाली नाही. ‘खावा की गं पोरींनो, लाजताय कशाला,’ काकू म्हणायच्या आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात यायची. नृसिंहवाडीच्या अलीकडे नदीकाठी तुमची शेती, घरात खाऊनपिऊन सगळं बरं, पण त्या घरात जास्तीची वस्तू म्हणून दिसायची नाही. नवा सदरा शिवला की जुन्यातला एक कुणाला तरी जायचा. काकूंनी मला सांगितलं होतं की लग्नात आलेल्या भांड्यांपैकी निम्मी भांडी तुम्ही पहिल्याच वर्षी वाटून टाकलीत आणि त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या. हे सांगताना त्या हसत होत्या. तुम्ही ताटाकडे बघत होता.

आणि हाच माणूस एक दिवस माझ्यापुढे कागदाचा कपटा सरकवतो. विद्यार्थ्यांना त्या मशीनवर फाइली ठेवायला जागा टीचभर मिळायची. माझं काम जागा संपली म्हणून तिसऱ्यांदा बंद पडलेलं. कपट्यावर तुमचा पासवर्ड. मी घाबरले. आमच्या शाळेत शेजारणीची कंपासपेटी न विचारता उघडली तरी प्रार्थनेच्या वेळी वेगळं उभं करायचे. सर, हा तुमचा आहे, एवढंच मला म्हणता आलं. तुम्ही म्हणालात, ‘मला एकट्याला एवढी जागा कशाला? मी काय तिथं झोपतोय?’ मग तो कपटा पुढच्या टर्मिनलवर गेला, तिथून पुढच्या. वर्ष संपेपर्यंत विभागात तो माहीत नसलेला एकही विद्यार्थी उरला नव्हता. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही, उलट फार छान वाटलं. रुमाल लटकवणारे तुम्ही आणि पासवर्ड वाटणारे तुम्ही एकच, हे मला सरळ दिसत होतं. अजूनही दिसतं. तेच तर अवघड झालंय.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी केंद्रात नोकरीला लागले होते, तुमच्याच शब्दावर. तुम्हाला ते एक गणित पुरं करायचं होतं आणि ताकद किती दिवस राहील ते माहीत नव्हतं. म्हणून रांगेत थांबायला लागू नये यासाठी तुमच्या कामांना पहिला नंबर द्यावा, असं मी टिपण केलं, वरच्यांनी सही केली, आणि तसा दिला. तुम्ही तोही वाटलात. कुणाचा प्रबंध अडलाय, कुणाची मुलाखत आलीय. ‘माझ्या खात्यातनं लाव की, लवकर हुईल.’ मग तुम्ही गेलात. त्यानंतर मशीन बदललं, पुन्हा बदललं. आता काचेआड नवीन यंत्रांची एक रांगच्या रांग आहे, सगळ्या विभागांचे संशोधक तिच्यावर काम करतात. दर वेळी जुन्या मशीनवरची खाती नव्यावर न्यायची वेळ आली की यादीत तुमचं नाव येई, आणि विभागातून निरोप येई, सरांचं तेवढं राहू दे. मीही ते राहू देत आले. पहिल्या नंबरासकट.

पण खरी गंमत तुम्हाला माहीतच नाही. गुरुपौर्णिमेला विभागात तुमच्या फोटोला हार घालतात. त्या वर्षी पीएच.डी.ला आलेली मुलं एकेक करून फोटोपुढे येतात, नारळ ठेवतात, आणि विभागातला सगळ्यांत जुना विद्यार्थी त्यांच्या कानात तुमचा पासवर्ड सांगतो. कानमंत्र म्हणतात त्याला. मग टाळ्या, मग वाडीचे पेढे, तुमच्या गावाकडचे म्हणून. प्रबंधाचं शेवटचं काम तुमच्या खात्यातनं लावलं की यश येतं, अशीही समजूत आहे. मी दर वर्षी तिथं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते आणि पेढा खाऊन केंद्रात परत येते. आणि केंद्राच्या दारावर माझ्याच सहीचा फलक आहे, की आपला पासवर्ड कुणालाही सांगू नये, दुसऱ्याच्या खात्यात शिरू नये, सामायिक यंत्रणा जबाबदारीनं वापरावी. इतकी वर्षं त्या फलकाखालून आत जाताना मला एकदाही हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात आलं, पण ते हसू बरं नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे आली. तुमच्याच विभागाची, तुम्ही तिला बघितलेलं नाही. इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर, पाळीनं. ती रोज एस.टी.नं येते, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून प्रयोगशाळेत कायम दाराजवळच्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसते. त्या दुपारचं ते काम त्याच कोपऱ्यातून लावलं गेलं होतं. तिथं दिवसभरात दहा जण बसून उठतात, पण कोपरा म्हटलं की सगळ्यांना तीच आठवते. भौतिकशास्त्राच्या त्या मुलानं तिचं नाव घेतलं, समितीला ते सोयीचं वाटलं, आणि आता ठरल्यासारखंच आहे की वर्षभर तिला मशीन बंद. तेवढ्यात तिची शिष्यवृत्ती संपते. मशीनशिवाय तिचं काम होत नाही, शिष्यवृत्तीशिवाय घरून येऊ देणार नाहीत. म्हणजे पीएच.डी. संपली, सर. वर्ष वगैरे काही नाही.

मी तिला विचारलं, सरांचं खातं तू वापरलंस का. ती लगेच म्हणाली, ‘व्हय मॅडम, वापरलंय की. सगळेच वापरतात. पण त्या दिवशीचं काम माझं न्हाई.’ मग कुणाचं, म्हटलं. तिला काय माहीत, नाव तर सरांचंच दिसतंय, असं तिचं उत्तर. ती रडत नव्हती. पदवीच्या वेळेपासून जपलेली एक जाड वही छातीशी धरून बसली होती. तिचे वडील म्हणाले होते म्हणे, की शेडमध्येपण काही बिघडलं की पहिल्यांदा दाराजवळच्यालाच धरतात. हे सांगून ती जरा हसली. मग म्हणाली, ‘मॅडम, माझ्या कानात सांगितलं तवा तुम्ही समोरच बसला होता. मी नको म्हणायला पाहिजे होतं काय?’

मी तिला चहा मागवला. ती गाडीची वेळ झाली म्हणून न पिता गेली, आणि तो कप माझ्या टेबलावर साय धरून बसला.

काल संध्याकाळी आमच्या विभागप्रमुखांशी बोलले. त्याला मी अजून अरेतुरे करते, एकटे असलो की. त्याचं म्हणणं असं, की वापरलं हे तिनंच कबूल केलंय, मग आता विषय संपला. मी म्हटलं, वापरलं म्हणाली, त्या दिवशी वापरलं असं नाही म्हणाली. तो चिडला. ‘मग तू काय लिहिणार? सर सगळ्यांना पासवर्ड वाटायचे म्हणून? अगं, प्रयोगशाळेला त्यांचं नाव हाय. मेलेल्या माणसाला चौकशीत उभं करायचं?’ मग आवाज खाली आणून म्हणाला, तुला नोकरी कुणी लावली ते तरी आठव. एका पोरीचं वर्ष जाईल, परत येईल की ती. मी त्याला विचारलं, गेल्या वर्षी तुझ्या प्रकल्पाचं मोठं काम कुठल्या खात्यातून लावलं होतंस. तो म्हणाला, सरांच्याच. आशीर्वाद म्हणून. सर, तो वाईट माणूस नाही. तुमच्या फोटोची काच तो स्वतः पुसतो, शिपायाला पुसू देत नाही.

रात्री झोप लागली नाही, त्यात शाळेची आठवण येत राहिली. वर्गात कुणी शाई सांडली आणि कुणी कबूल झालं नाही, तर सिस्टर सगळ्या वर्गाला हात वर करून उभं करायच्या, घंटा होईपर्यंत. खांदे दुखून यायचे. मला तो फार मोठा अन्याय वाटायचा, घरी येऊन मी वडिलांशी त्यावर वाद घालायची. आता वाटतं, त्याऐवजी दाराजवळच्या एका मुलीला बाहेर काढून बाकीचे बसून राहिलो असतो तर? तुम्ही आपली जागा वाटलीत, सर, आपला वेळ वाटलात, त्यानं कुणाचंच काही गेलं नसतं. पण तुम्ही नावही वाटलंत. आणि एका नावानं इतके जण आत जायला लागले की त्यातलं कुणी काय केलं हे कुणालाच विचारता येत नाही, मग विचारायचं ते त्याला विचारलं जातं ज्याच्या मागे बोलायला कुणी नाही. हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं असं नाही, हे मला माहीतच होतं. फलकावर लिहिलेलं आहे. फक्त ते तुम्हालाही लागू होतं, असं मी कधी धरलं नाही.

आता उठते. अहवाल लिहायचाय. अकरा वाजून गेलेत.

हे पत्र त्या दिवशी इथंच सोडलं होतं. आज पुन्हा उघडलंय. मधल्या दिवसांत काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं.

मी असं लिहिलं, की या खात्याचा मालक हयात नाही. त्यांनी हयातीत आपला पासवर्ड विद्यार्थ्यांना दिला, विभागानं तो समारंभानं पुढे देत नेला, केंद्रानं खातं आणि त्याचा पहिला नंबर चालू ठेवला. त्या दुपारी तिथं कोण होतं हे सांगता येत नाही, आणि येत नसताना एकीचं नाव घेऊ नये. तुमचं नाव पूर्ण लिहिलं. हुद्द्यासकट. समितीचे अध्यक्ष बाहेरच्या महाविद्यालयातले आहेत, तुम्हाला ते ओळखत नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि मला नेमकं तेच विचारलं ज्याला मी भीत होते. ‘म्हणजे मॅडम, जबाबदार तुमचे सर?’ मी म्हटलं, ‘सुरू त्यांनी केलं. आम्ही थांबवलं नाही. या मुलीनं यातलं काहीच केलेलं नाही.’

मग त्यांनी विचारलं, हा पासवर्ड किती जणांना माहीत असेल. मी म्हटलं, इथंच विचारून बघा. मी हात वर केला. त्या मुलीनं केला, वही मांडीवर ठेवून, सरळ. आमचे प्रमुख खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं ते तसेच बघत राहतील. मग त्यांनीही बघण्याची दिशा न बदलता हात वर केला, आणि वरच ठेवला, शाळेतल्यासारखा. समितीतल्या एक प्राध्यापक बाई, तुमच्याच विद्यार्थिनी, त्यांचाही हात आला. आणि टेबलाच्या त्या टोकाला तक्रार करणारा भौतिकशास्त्राचा मुलगा बसला होता. तो लाल झाला आणि त्यानं कोपर टेबलावरच ठेवून तळहात तेवढा वर केला. त्याच्या खोलीतल्या मित्रानं सांगितला होता म्हणे. त्यानंही दिवाळीच्या सुटीत एकदा वापरलं होतं. अध्यक्ष एकेका हाताकडे बघत गेले. आपल्या विद्यापीठाच्या इतिहासात एवढा प्रामाणिक गप्पपणा त्या खोलीनं बघितला नसेल.

मुलीवरचं बालंट तिथंच संपलं. भौतिकशास्त्राच्या मुलाला मशीनवर राखून वेळ द्यायचा आणि त्याला मुदत वाढवून मिळावी अशी शिफारस करायची, असं ठरलं. पहिला नंबर आता कुणालाच नाही. कानमंत्र बंद. आणि तुमचं खातं बंद करायचं. बाहेर आल्यावर प्रमुख माझ्याशी बोलला नाही. अजून बोलत नाही. जिन्यात दिसला की आधी वाट देतो, एवढंच. मुलगी दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत आली, पण आता कोपऱ्यात बसत नाही, मधल्या रांगेत बसते आणि सारखं घड्याळ बघते.

खातं मी स्वतः बंद केलं. आधी सगळ्यांना कळवलं, की सरांच्या खात्यात ज्याचं जे असेल ते त्यानं काढून न्यावं. काय काय निघालं, सर! कुणाचे प्रबंध, ते ठीक. पण कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या बहिणीचा स्थळांसाठी केलेला बायोडाटा, एका सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, कुणाची पत्रिका कुंडलीसकट, मालवणच्या सहलीचे फोटो. दोन दिवस लोक येऊन आपापलं नेत होते, खाली बघून, घर रिकामं करताना भाडेकरू नेतात तसं. सगळं गेल्यावर उरलेलं तुमचं असेल म्हणून मी बसले. ते पुरं करायचं राहिलेलं गणित तरी असेल, जुनी कामं असतील. वर्षांप्रमाणे लावून बघितलं, अगदी तळापर्यंत. तुमचं काहीच नव्हतं. एकही फाइल नाही. तुमच्या नावाच्या जागेत तुम्ही स्वतःसाठी काहीही ठेवलेलं नव्हतं. मग मी खातं बंद केलं. मशीननं एकदा विचारलं, नक्की ना. त्याला दुसऱ्यांदा विचारायची सवय नाही.

बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. केंद्रात गेले की उठून फेऱ्या मारते, घरी आले की इथं फेऱ्या मारते. मुलीला न्याय मिळाला, नियम पाळला गेला, सगळं बरोबर आहे. तुमच्या घरी जाऊन काकूंना सांगावं असंही वाटलं, पण काकूही आता नाहीत, आणि तिथं कोण राहतं ते मला माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. अहवालात तुमच्या बाजूची तीन वाक्यं मी लिहिली होती. निघायच्या आधी वाचून बघितलं आणि ती काढून टाकली. ती असली की अहवाल तुमचाच व्हायचा. समितीतले निम्मे लोक तुमच्या आठवणी काढत बसले असते आणि मुलगी पुन्हा दाराजवळच राहिली असती. म्हणून काढली. प्रत ठेवली नाही, मी, जी सगळ्यांना प्रत ठेवा म्हणून सांगत फिरते. आता कुठं पाठवायचं नसलेल्या या कागदावर तरी ती लिहावीत म्हणून मघापासून बसलेय. पहिलं असं होतं, की तुम्ही पासवर्ड दिलात तो निष्काळजीपणानं दिला नाहीत, आपल्याकडे जास्तीचं काही ठेवणं तुम्हाला जमतच नव्हतं म्हणून दिलात. दुसरं असं, की तुम्ही असतात तर त्या मुलीच्या शेजारची खुर्ची ओढून बसला असतात. तिसरं सगळ्यांत चांगलं होतं, सर. ते मला काही केल्या आठवत नाही.